किल्ली मागायची नसते

परवा राजेंद्रचा फोन आला. राजेंद्र म्हणजे आमच्या वस्तीतल्या किसनदादांचा मुलगा. तोही आता पन्नाशी ओलांडून गेला आहे, तरी मला अजून 'काका'च म्हणतो. "जयभीम काका. आषाढ पौर्णिमेपासून विहारात वाचन सुरू होतंय, यायचं बरं का," म्हणाला. मग जरा घुटमळला. "आणि एक विचारायचं होतं. विहाराची ती जुनी पायरी काढायची चाललीय. ग्रॅनाइट टाकायचंय, त्याच्यावर मंडळाची नावं. तुमचंबी घालतोय, सल्लागार म्हणून. तुमची काही हरकत?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो. निवृत्त मास्तराला उद्या काय काम असतं ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

फोन ठेवून पुण्यातल्या या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत येऊन बसलो. समोर कुणीतरी दोरीवर कपडे वाळत घातले होते आणि ते खरंच वाळत होते. आमच्याकडे, मुळशीत, पावसाळ्यात कपडे वाळत नसत. माझी बायको सुमन चुलीच्या वर आडवी दोरी बांधायची आणि माझे सदरे धुरावर वाळवायची. पावसाळाभर मी शाळेत जायचो तो धुराचा वास अंगावर घेऊन. पोरं पुढच्या बाकावर नाक मुरडायची नाहीत, कारण त्यांच्या अंगालाही तोच वास असायचा. ओल्या घोंगडीचा, वितळलेल्या मेणाचा, ताज्या सारवणाचा आणि हाताला लागलेल्या भातरोपांच्या तरव्याच्या हिरव्या चिकाचा वास, हे सगळं एकत्र केलं की माझ्या डोक्यात वर्षावास तयार होतो.

वर्षावास म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने. पूर्वी भिक्खू पावसाळ्यात एका जागी मुक्काम करायचे, धम्म सांगायचे. आमच्या वस्तीला भिक्खू कुठून येणार? माले गावाच्या पुढे, धरणाच्या अलीकडे, चिखलातून एसटी आली तर आली. म्हणून आम्हीच रोज तिन्हीसांजेला विहारात जमायचो आणि ग्रंथातली चार-सहा पानं वाचायचो. विहार म्हणजे काय, मातीच्या भिंती, वर पत्रे, आत हातभर उंचीची बुद्धमूर्ती, आणि दारापुढे काळ्या दगडाची एकच पायरी. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की वाचणाऱ्याचं तोंड नुसतं हललेलं दिसायचं. मग तो पानावर बोट ठेवून थांबायचा आणि आम्ही सगळे गप्प बसून पाऊस ऐकायचो. कधी कधी अर्धा तास. पाऊस ओसरला की बोट पुढे सरकायचं.

आमच्या वाडवडिलांनी पुढारी या प्राण्याचा भलताच धसका घेतला होता. गावात पाटील, चावडीत तलाठी, देवळात पुजारी, आणि आमच्यातलाही एक कारभारी. असल्या सगळ्यांच्या हुकमात त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट ठरवली, ती ही की आता आपल्यात कुणी मोठा नाही. अध्यक्ष नको, चिटणीस नको, जुना भटजी जाऊन त्याच्या जागी नवा भटजी तर मुळीच नको. अकरा घरं होती, त्यांच्या अकरा पाळ्या. वर्षावासात आठवड्याला एक घर. ज्याची पाळी त्यानं विहार झाडायचा, सारवायचा, मेणबत्ती लावायची, त्रिशरण-पंचशील आधी म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून. ग्रंथापुढेही त्यानंच बसायचं. तो आठवडा विहाराचं सगळं त्याच्याकडे, आणि आठवडा संपला की तो पुन्हा आमच्यातलाच एक.

किल्लीचा नियम मात्र वेगळा होता. किल्ली मागायची नाही. ज्याची पाळी संपली त्यानं ती स्वतः पुढच्या घरी न्यायची आणि त्यांच्या खुंटीला अडकवून यायची. "मागून घेतली की ती किल्ली राहत न्हाई, गादी हुती," असं माझे वडील म्हणायचे. मला या नियमाचा फार अभिमान होता. मास्तरकीच्या कोर्सला पुण्यात होतो तेव्हा खोलीतल्या मित्रांना मी हे रंगवून सांगायचो. त्यांच्या गावात देवळाच्या चाव्यांवरून डोकी फुटायची. आमच्याकडे किल्ली आपल्या पायांनी चालत घरोघरी जाते, असं मी म्हणायचो. तारुण्यात माणूस अशी वाक्यं बोलतो आणि स्वतःच खूश होतो.

दुसरा नियम साधा होता. नवीन काही करायचं तर सगळ्यांच्या एकमतानं. एकाचीही हरकत असली तर थांबायचं. यातून किती घोंगडी भिजत पडली ते सांगत बसलो तर हा लेख संपायचा नाही. दाराला रंग कोणता लावायचा यावर दोन वर्षं गेली आणि दार बिनरंगाचंच कुजलं. आम्ही हसायचो त्यावर. हसण्यासारखंच होतं, तोवर.

अकरावं घर साळूआत्याचं. माझ्या वडिलांची चुलतबहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दुसऱ्यांच्या खाचरात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आणि कापणीला जायची. पाळी घराची असते, माणसाची नसते, त्यामुळे तिच्या घरालाही आठवडा होता. पण तिला अक्षरओळख नव्हती. म्हणून दर वर्षी तिच्या पाळीला झाडलोट ती करायची, सारवण ती करायची, आणि ग्रंथापुढे शेजारपाजारचं कुणीतरी बसायचं. दोन वर्षं मीच बसलो होतो. ती मागे भिंतीला टेकून ऐकायची आणि वाचन संपलं की म्हणायची, "माझ्या वाटनीचं तू वाचलंस, आता माझ्या वाटनीचं जेवूनबी घे."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. होळी झाल्यावर एका दुपारी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. पदराखालून पाटी काढली. शाळेतल्या कुणा पोराची फुटकी पाटी होती, एक कोपरा उडालेला.

"औंदाची पाळी मी सोता करनार हाय," ती म्हणाली. "तू शिकीव."

भाचा असूनही मी तिच्यासाठी त्या दिवसापासून 'गुरुजी' झालो. पेन्सिल ती विळा धरल्यासारखी धरायची आणि पाटीवर इतकी जोरात दाबायची की करकरून माझे दात आंबायचे. वैशाखात तिला मुळाक्षरं आली. ज्येष्ठात काना-मात्रा. आवणी सुरू झाली आणि तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, पेन्सिल धरवेना. मग ती बोटानंच हवेत अक्षरं काढायची. खाचरात ओणवी असताना तोंडानं काहीतरी पुटपुटत असते असं बायका सांगायच्या. "आत्याला वारं लागलं," म्हणून चिडवायच्या. ती म्हणायची, "लागू द्या. तुमाला बी लागंल."

एकदा शिकताना तिनं मला लहानपणचं सांगितलं. गावच्या देवळात उत्सव असला की आमच्या पोरी पायरीपासून चार हात लांब उभ्या राहायच्या. पुजारी वरून प्रसाद टाकायचा, त्यांनी पदर पसरून झेलायचा. एकदा ढकलाढकलीत तिचा हात पायरीला लागला. पुजारी ओरडला आणि तिच्या बापानं, माझ्या चुलत आजोबांनी, सगळ्यांदेखत तिला मारलं. "बापाचा राग न्हाई आला," ती म्हणाली, "त्यो बी घाबरलावता. पर तवापासनं मला वाटायचं, कवातरी आत बसायचं. मागं न्हाई. म्होरं." मग तिनं पाटी पुसली आणि मला बाराखडी घ्यायला लावली.

त्या वर्षी श्रावण-भाद्रपदात ती रोज विहारात येऊन वाचणाऱ्याच्या जवळ बसायची. वाचन झालं की ग्रंथात खुणेला घातलेलं एसटीचं तिकीट कुठवर सरकलं ते वाकून बघायची. आपल्या आठवड्यात कुठलं पान येईल, हे तिला जाणून घ्यायचं असायचं. मी सांगायचो, ते पाऊस ठरवतो. मग तिनं पुढची पंधरा-वीस पानं माझ्याकडून वाचून घेतली, म्हणजे तिनं वाचली आणि मी ऐकली. सावकाश, एकेका अक्षराला धरून, पण वाचली. जोडाक्षर आलं की ती थांबायची, ओठ आवळायची आणि मग एकदम उडी मारल्यासारखी पुढे जायची. सव्वीस वर्षांच्या माझ्या मास्तरकीत मला तेवढा आनंद पुन्हा झाला नाही.

दहावी पाळी आमच्या घराची होती. त्या आठवड्यातल्या शनिवारी वाचन संपल्यावर किसनदादा म्हणाले, "जरा बसा समदी." किसनदादा पिरंगुटला कारखान्यात होते. विहारावरचे पत्रे त्यांनीच एसटीच्या टपावरून आणलेले, दिवसपाळी करून येऊन स्वतः ठोकलेले. आवाज खणखणीत. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. सगळा दोष त्यांच्यावर टाकून मी मोकळा झालो असतो. पण ते वाईट नव्हते.

"आत्याचा मान हाय, त्याबद्दल बोलनं न्हाई," ते म्हणाले. "पर येत्या आठवड्यात पौडची, कोळवणची पावनी येनारेत वाचन ऐकायला. गावातली बी दोन-चार येत्याल. ग्रंथ अडखळत वाचला तर काय म्हनतील? इतकी वर्सं झाली, अजून ह्यांना वाचता येत न्हाई म्हनतील. माझी तेवडी हरकत हाय. बाकी समद्यांनी ठरवा."

साळूआत्या भिंतीपाशी होती. म्हणाली, "पत्र्यावर पाऊस आला की तुमी बी थांबताच की, किसन. मी जरा जास्त थांबंन. थांबल्यानं काय ग्रंथ पळून जातुया?"

सगळे हसले. किसनदादाही हसले. मला वाटलं, झालं, सुटलं. पण हसणं म्हणजे निर्णय नव्हे. एकेकाला विचारायला सुरुवात झाली. पहिला म्हणाला, माझी हरकत न्हाई, पर समद्यांनी ठरवा. दुसरा म्हणाला, समदी म्हनतील तसं. तिसऱ्यानं नुसती मान हलवली, होय की नाही ते कळेना. आळीमिळी गुपचिळी. कुणालाच ती वाचू नये असं वाटत नव्हतं आणि ती वाचेल असं म्हणायचंही नव्हतं. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण तिला शिकवलं होतं मी. तिला येतं की येत नाही हे ठामपणे सांगू शकणारा तिथं मी एकटा होतो. मी नुसतं 'येतं' म्हणालो असतो, तरी पुरलं असतं. पण किसनदादांना दुखवणं जिवावर आलं. आणि मनात एक शहाणपणाही आला की मी मास्तर, मी माझं म्हणणं रेटलं तर मीच पुढारी झालो.

"सगळे म्हणतील तसं," मी म्हणालो.

तेवढ्यात परतीचा पाऊस पत्र्यावर कोसळला. कुणाचंच काही ऐकू येईना. बराच वेळ थांबून माणसं उठली, घोंगड्या डोक्यावर घेऊन घरोघरी गेली. काही ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी आमची पाळी संपली. किल्ली आमच्या खुंटीवर होती, निळ्या दोऱ्यात ओवलेली. सुमन म्हणाली, "जा की, नेऊन द्या आत्याला."

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

"न ठरायला काय झालं? पाळी तिचीच हाय की. मी देऊन येऊ?"

"किल्ली तुझी-माझी नाही, सुमन. सगळ्यांची आहे."

सुमन चुलीकडे वळली. सगळ्यांची आहे, हे वाक्य किती सुंदर आहे आणि त्याच्यामागे किती भित्रा माणूस लपू शकतो, हे तिला तेव्हाच कळलं होतं. मला कळायला उशीर लागला.

सोमवारी तिन्हीसांजेला साळूआत्या विहारापाशी आली. पांढरं लुगडं नेसलेली, नीळ घालून धुतलेलं. दाराला कुलूप. ती पायरीवर बसली. लोक येत गेले. कुलूप बघून जो तो म्हणाला, येत असंल किल्ली. थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. कुणी मला विचारायला आलं नाही, कारण विचारणं म्हणजे मागणंच की. किसनदादाही येऊन गेले. पाहुणे आले त्यांना, विहार कामासाठी बंद आहे, असं काहीतरी सांगितलं गेलं. मी मंगळवारी सहामाहीचे पेपर घेऊन बसलो. बुधवारी बाहेर पडलो, तेव्हा लांबून पायरीवर पांढरं लुगडं दिसलं म्हणून दुसऱ्या वाटेनं गेलो.

शुक्रवारी मला तिच्यासमोरून जावंच लागलं. ती म्हणाली, "गुरुजी, भात बरं निसवलंय औंदा."

"हो आत्या," मी म्हणालो.

एवढंच. किल्लीचं तिनं नाव काढलं नाही. मागायची नसते ना. ज्या नियमाचा मला अभिमान होता तो तिनं माझ्यापेक्षा चोख पाळला. मी घरी येऊन खुंटीकडे पाहिलं आणि किल्लीवर सदरा टांगला, म्हणजे ती दिसू नये.

पुढच्या सोमवारी सकाळी सुमननं सदरा काढून फेकला, किल्ली उचलली आणि निघाली. मी तिच्या मागे गेलो, अंतर ठेवून. आत्या दारात तांदूळ निवडत होती. सुमननं किल्ली पुढे केली. आत्यानं हात पुढे केला नाही.

"आटवडा सरला, पोरी," ती म्हणाली. "आता म्होरल्या घराची पाळी. किसनला नेऊन दे."

सुमन तिथंच खाली बसून रडायला लागली. मी कुंपणापाशी उभा. आत्यानं मला पाहिलं होतं, पण हाक मारली नाही.

आमच्यात कुणी मोठा नव्हता, त्यामुळे दोषीही कुणी झाला नाही. एका दोषाच्या अकरा वाटण्या केल्या की प्रत्येकाच्या वाट्याला येतं ते इतकं थोडं असतं की माणूस ते खिशात घालून शांत झोपू शकतो. वाडवडिलांनी हुकूम देणारा माणूस काढून टाकला, ते बरोबरच केलं. पण त्याच्या जागी प्रत्येकानं थोडं थोडं उभं राहायचं असतं, हे आम्ही करू शकलो नाही. ते करता येतं का, मला आता वाटत नाही. तेव्हा वाटायचं. गावच्या देवळानं तिला पायरीखाली उभं केलं, आणि आम्ही, आमच्या स्वतःच्या, आमच्या हातांनी बांधलेल्या विहाराच्या पायरीवर तिला सात दिवस बसवून ठेवलं. तेही कुणी न ओरडता.

पुढच्या वर्षी तिच्या घराची पाळी कुणी लावली नाही आणि तिनंही विचारलं नाही. ती यायचीच बंद झाली. मग हळूहळू इतरांचंही जमेना. कुणाला आवणी होती, कुणाला कारखान्याची पाळी. किल्ली एका खुंटीवर महिना महिना राहायला लागली आणि शेवटी किसनदादांकडेच राहिली, त्यांना नको असताना. "मला ह्यातनं सोडवा," असं ते मला एकदा म्हणाले. मी म्हणालो, बसून ठरवू. मग ते थकले, नव्या पोरांनी मंडळ काढलं आणि पदं आली. माझी बदली झाली.

सात-आठ वर्षांनी पौडच्या स्टँडवर आत्या भेटली. कोळवणला शहरातल्या कुणाच्या तरी बंगल्यावर बागेतलं गवत काढायच्या कामाला जात होती. पाठीत वाकली होती. आम्ही बाकावर बसलो. मी एसटीची पाटी बघायला उठलो. तर ती बसल्या जागेवरून म्हणाली, "ती न्हाई तुझी. ती कोळवण व्हाया डोंगरगाव. तुझी मागनं येतीया." लांबची पाटी, पुसट अक्षरं, न थांबता वाचली.

"आत्या, छान वाचता येतं की तुला," मी म्हणालो, आणि म्हणताना माझं तोंड पडलं.

"येतंय की, गुरुजी," ती म्हणाली. "शिकिवलंस बरं तू. कुटं वाचू, तेवडंच सांगितलं न्हाईस."

तिची गाडी लागली. चढताना तिनं मागे वळून हात हलवला, माझ्यावर राग नसल्यासारखा. त्यानंतर दोन पावसाळे काढून ती गेली. मी मातीला गेलो होतो. सुमन माझ्याबरोबर आली नाही, एकटी आधी जाऊन आली.

आता विहाराला स्लॅब आहे. पावसाचा आवाज आत येत नाही. वाचनाला बसायला कुणाला सवड नसते, म्हणून मोबाइलवरचं रेकॉर्डिंग स्पीकरला जोडतात. शुद्ध, खणखणीत, एकदाही न अडखळणारा आवाज. कधी सात, कधी चार माणसं ऐकायला असतात. मागच्या वर्षी मी गेलो होतो, तेव्हा मंडळाचा कार्याध्यक्ष, मी आणि एक कुत्रं. मी आत बसलो नाही. पायरीवर बसलो. दगड मधोमध थोडा झिजलेला आहे, तो बसून झिजला की पायांनी, ते सांगता येत नाही.

काल सकाळी राजेंद्रचा पुन्हा फोन आला. "काका, गवंडी आलाय. पायरीचं काय करायचं?"

सुमन स्वयंपाकघरात होती. तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. मला सांगायचं होतं की ती पायरी तिथंच राहू दे. मला सांगायचं होतं की माझी हरकत आहे, माझी एकट्याची. शब्द तोंडात तयार होते. पण पोरांनी हौसेनं काढलंय, गवंडी खोळंबलाय, माझं नाव घालतायत, आणि मी आता तिथं राहतही नाही.

"बाकीचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा ना काका."

"सगळे म्हणतील तसं," मी म्हणालो.

पलीकडे राजेंद्र हसला. "सगळे हेच म्हणाले, काका," तो म्हणाला, आणि त्यानं गवंड्याला हाक मारली.